बाटलीतला आकडा

तय्यिबनं उभ्या आयुष्यात समुद्राशिवाय काही मोजलं नव्हतं. वारा किती, ओहोटी किती, समुद्रात सोडलेल्या कुठल्या मडक्यात ऑक्टोपस शिरला असेल, एवढीच त्याची विद्या. आता मात्र रोज सकाळी सात वाजता तो बायकोच्या अंगातून आलेलं पाणी मोजत बसायचा.

मब्रूकाचा डावा स्तन काढला त्याला बारा दिवस झाले होते. काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. छातीच्या मधोमधपासून थेट काखेपर्यंत तिरकी चीर होती आणि तिच्यावर ओळीनं स्टेपलच्या पिना. काखेखाली एका भोकातून बारीक नळी बाहेर आली होती, आणि नळीच्या टोकाला एक चेपता येणारी प्लास्टिकची बाटली. आत जे गुलाबी, पिवळट पाणी झिरपत होतं ते या बाटलीत उतरायचं. समुद्रापलीकडच्या स्फाक्सच्या इस्पितळातून घरी पाठवताना नर्सनं तय्यिबला सगळं करून दाखवलं होतं: हात साबणानं धुवायचे, नळी चिमट्यानं बंद करायची, बूच उघडायचं, पाणी मापाच्या पेल्यात ओतायचं, आकडा लिहायचा, बाटली चेपून आतली हवा घालवायची, बूच लावायचं. पहिल्या दिवशी त्यानं अर्धं पाणी पेल्याबाहेर सांडलं होतं. आता थेंब सांडत नव्हता. सवय कशाचीही होते.

मब्रूका मात्र या कामाच्या वेळी भिंतीकडे तोंड करून पडायची.

"किती?" ती भिंतीला विचारायची.

"पासष्ट मिली."

अख्ख्या अताया गावात जिच्या जिभेला धार होती, ती बाई हल्ली दिवसाला दहा शब्द बोलत नव्हती. बाटली ठेवायला तिनं जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवली होती, ती गळ्यात अडकवून घरभर फिरायची. शेजारची हादरिया मासे घातलेला कुसकुस घेऊन आली तेव्हा पिशवीकडे बघत म्हणाली, "यात काय गं, दागिने लपवलेस की काय?"

"हो, आईकडचे," मब्रूका म्हणाली. "तुझी नजर लागू नये म्हणून झाकलेत."

तय्यिबला तेवढ्यानंच बरं वाटलं होतं. पण हादरिया गेली आणि मब्रूका पुन्हा गप्प झाली. मुलगी सूसला सासरी होती. तिला सातवा महिना, म्हणून मब्रूकानंच तिला यायला बंदी केली होती. तेव्हा घरात दोघंच, आणि ती बाटली.

तेराव्या दिवशी पिना काढायला जायचं होतं. केरकेना बेटावरून स्फाक्सला जायचं म्हणजे पहाटेची गाडी पकडून बेटाच्या दुसऱ्या टोकाला सिदी यूसुफचं बंदर गाठायचं, तिथं बोटीसाठी रांग लावायची, मग सव्वा तासाचा समुद्र. निरोगी माणसाचंही अंग आंबून जातं. मब्रूका गाडीच्या प्रत्येक धक्क्याला उजव्या हातानं डावी बाजू धरून बसली होती.

इस्पितळात लमिया नावाची नर्स होती. वय चाळिशीच्या पुढचं, डोळ्यांखाली काळं, आणि चालताना एक पाय किंचित ओढायची. दिवसभर उभं राहून राहून टाच गेली होती म्हणे तिची. पण तिच्या बोलण्यात घाई नव्हती.

"बसा मावशी. काका, तुम्ही तिकडे उशाशी उभे राहा, तुम्हाला चक्कर आली तर मी एकटी दोघांना उचलणार नाही. हां, आता ऐका. हा चिमटा बघितलात? यानं मी पिनेचा मधला भाग दाबणार. दाबला की तिची दोन्ही टोकं आपोआप वर येतात. कुणीतरी बारीक चिमटा काढतंय असं वाटेल. काही ठिकाणी कळणारही नाही, तिथली कातडी अजून बधिर आहे. एखादी खपलीत अडकली तर ओढल्यासारखं होईल. दुखलं तर 'थांब' म्हणायचं. शूरपणा करायचा नाही."

"शूरपणाला अंगात काही उरायला तर हवं, पोरी," मब्रूका म्हणाली.

पिना निघू लागल्या. प्रत्येक पिन स्टीलच्या वाटीत पडताना टण् आवाज व्हायचा. तय्यिब मब्रूकाच्या उशाशी उभा राहून छताकडे बघत होता आणि नकळत मोजत होता. सतराव्या पिनेला मब्रूकानं दात आवळले. एकोणिसाव्याला तिनं त्याची बाही धरली. सव्विसाव्यानंतर आवाज थांबला.

"झालं," लमिया म्हणाली. "बघायचंय?"

"नको."

"मग नका बघू. बघावंसं वाटेल तेव्हा बघा, चीर कुठे पळून जात नाही." तिनं जखमेवर आडव्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. "या आपोआप गळतील, उपटायच्या नाहीत. थोडी खाज येईल, थोडं ताणल्यासारखं वाटेल. डाव्या हातानं वजन उचलायचं नाही. लाल झालं, पू आला, ताप आला तर लगेच फोन करायचा."

"आणि हे माझे दागिने?" मब्रूकानं गळ्यातली पिशवी उचलून दाखवली.

तय्यिबनं खिशातला कागद काढून दिला. लमियानं आकडे वाचले. पासष्ट, साठ, बासष्ट.

"अजून नाही मावशी. दिवसभराचं पाणी तीसच्या आत यायला हवं, तेसुद्धा लागोपाठ दोन दिवस. आताच नळी काढली तर पाणी आत साचेल, मग सुई घालून उपसावं लागेल. पुढच्या आठवड्यात बघू."

मब्रूकानं मान हलवली. परतीच्या बोटीवर ती खिडकीशी बसली आणि बंदर येईपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. तिनं ते पुसलंही नाही. तय्यिबनं संत्रं सोलून तिच्या पुढ्यात धरलं. ते तसंच त्याच्या हातात वाळलं.

त्यानंतरचे दिवस फार जड गेले. एका कुशीवर वळता येत नाही, म्हणून तिला झोप नाही. नळीमुळे अंगावर पाणी घेता येत नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं. आपल्या अंगाला वास येतो असं तिला वाटायचं. तय्यिबला कसलाच वास येत नव्हता, पण तसं सांगितलं की ती म्हणायची, "तुझं नाक चाळीस वर्षं माशांत गेलंय. तुला काय कळणार?" तिनं केस विंचरणं सोडलं. जेवण दोन घास. एक दिवस तिची पिशवी दाराच्या कडीला अडकली आणि नळीला हिसडा बसला. ती खाली बसली ती उठेचना.

"बकरीसारखी बांधून घातलीय मला," ती म्हणाली. "तय्यिब, या खेपेला यांनी नळी काढली नाही ना, तर तुझ्या जाळ्याच्या कात्रीनं मीच कापून टाकीन. अल्लाची शपथ."

तय्यिबनं कात्री उचलून होडीत नेऊन ठेवली. मब्रूकाला तो ओळखून होता. शपथ घेतली की ती फिरायची नाही.

आकडा हळूहळू उतरत होता, पण हट्टी उधाणासारखा. अठ्ठावन्न. पंचावन्न. बावन्न. अठराव्या दिवशी सकाळी त्यानं पेला खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर धरला. अठ्ठेचाळीस.

"किती?" मब्रूकानं भिंतीला विचारलं.

आणि तय्यिबच्या तोंडून निघून गेलं, "अठ्ठावीस."

त्यानं ठरवलं नव्हतं. शब्द बाहेर पडल्यावर त्यालाच तो ऐकू आला. पण मब्रूकानं मान वळवली होती. कितीतरी दिवसांनी सकाळच्या वेळी तिचा चेहरा त्याच्याकडे होता.

"खरंच?"

"मग काय. अठ्ठावीस."

ती उठून बसली. म्हणाली, "कंगवा दे बघू."

आता कागदावर तेच लिहिणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस भरलं. त्यानं पंचवीस सांगितलं आणि पंचवीस लिहिलं. लिहिलेलं खोडायला त्यानं पेन पुन्हा कागदाला टेकवलं. पण स्वयंपाकघरातून मब्रूका मुलीशी फोनवर मोठ्यानं बोलत असल्याचा आवाज येत होता, त्या आवाजापुढे त्याला काही दुसरं सुचत नव्हतं.

विसाव्या दिवशी पुन्हा पहाटेची गाडी, पुन्हा रांग, पुन्हा समुद्र. स्फाक्सच्या बंदरावरच्या संडासात त्यानं बाटली रिकामी केली. इस्पितळाच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. लमियानं कागद हातात घेतला.

"बावन्नवरून एकदम अठ्ठावीस?" तिनं तय्यिबकडे पाहिलं. "आणि आज सकाळपासून?"

"पाच असेल."

तिनं बाटली उजेडात धरली. बाहेरून कुणीतरी तिच्या नावानं हाक मारत होतं. "होतं कधीकधी तसं," ती स्वतःशीच म्हणाली आणि हातमोजे चढवले. "बरं मावशी, निघणार आज तुमचे दागिने."

मब्रूका चक्क हसली.

"आधी इथला टाका कापते. बाटलीचं ओढणं बंद करते. मग मी म्हणेन तेव्हा दीर्घ श्वास घ्यायचा आणि हळूहळू सोडायचा. श्वास सोडता सोडता मी नळी ओढणार. आतून काहीतरी सरपटत बाहेर येतंय असं वाटेल, जरा आग होईल. नळी तुम्हाला वाटते त्याहून लांब आहे, तेव्हा 'अजून किती' म्हणून घाबरायचं नाही. पाच-सात सेकंदांचा खेळ. घ्या श्वास."

मब्रूकानं श्वास घेतला. नळी बाहेर येत राहिली, वीतभर, मग आणखी वीतभर. मब्रूकाचे डोळे विस्फारले, तिच्या तोंडून "या रब्बी" एवढंच निघालं, आणि संपलं. लमियानं भोकावर कापसाची जाड घडी दाबून धरली.

"एक-दोन दिवस इथून थोडं गळेल, घडी बदलायची. भोक आपलं आपण बुजतं. आणि काका, काखेत किंवा छातीवर फुगवटा दिसला, आत पाणी हिंदळतंय असं वाटलं, तर गप्प बसायचं नाही."

"नाही बसणार," तय्यिब म्हणाला.

बंदराजवळच्या खाणावळीत मब्रूकानं अंडं भरून तळलेला गरम ब्रीक मागवला, तो संपवून दुसरा मागवला, वर हरीसाची तिखट चटणी लावून तळलेला मासा. "तू का खात नाहीस?" तिनं विचारलं. "नळी तुझी निघाली की माझी?" बोटीवर ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून, उजव्या कुशीला कलून गाढ झोपली. इतकी की तिला घोरणं आलं. तय्यिब मात्र सव्वा तास तसाच ताठ बसून होता. खांद्याला मुंग्या आल्या तरी हलला नाही.

चौथ्या दिवशी तिनं सदरा बदलताना हाक मारली. काखेखाली, चिरेच्या वर, लिंबाएवढा फुगवटा आला होता. संध्याकाळपर्यंत तो मुठीएवढा झाला. बोटानं दाबलं की आत लाट सरकावी तसं पाणी हलायचं. दुखत नव्हतं. पण हात खाली सोडला की काखेत उशी धरल्यासारखं वाटायचं.

तय्यिबनं फोन लावला. अर्ध्या तासानं लमियाशी बोलणं झालं.

"लाल झालंय?"

"नाही."

"गरम लागतंय? ताप?"

"नाही."

"मग घाबरू नका. उद्या या."

पण उद्या बोट नव्हती. उत्तरेचा वारा सुटला होता, सिदी यूसुफला बोटी बांधून ठेवल्या होत्या. परवाही तेच. तय्यिब दर तासाला मब्रूकाच्या कपाळाला हात लावायचा, आणि दारात जाऊन आभाळाकडे बघायचा. पहिल्याच दिवशी चौथ्यांदा दारात गेला तेव्हा मब्रूका म्हणाली, "अरे माणसा, तुझ्या बघण्यानं वारा पडणार आहे का? बस की जरा."

तो बसला. आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. अठ्ठेचाळीसचे अठ्ठावीस, पंचेचाळीसचे पंचवीस, बंदरावरचा संडास.

मब्रूकानं हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"तू ठरवलंस," ती म्हणाली. "एकट्यानं."

"तू कात्रीची शपथ घेतली होतीस. तुझे हाल बघवत नव्हते गं."

"अंग कुणाचं? नळी कुणाच्या अंगात? खोटं बोलायचं होतं तर मला विचारून बोलायचं होतंस. कदाचित मी हो म्हटलं असतं, कदाचित मीच तुझ्याहून मोठं खोटं बोलले असते. पण डॉक्टरांनी सांगितलं ते, नर्सनं सांगितलं ते, आणि आता तूही. माझ्या अंगातलं मलाच सोडून सगळ्यांना ठाऊक! माझी फजिती केलीस तय्यिब. कंगवा मागून घेतला मी त्या दिवशी. मूर्खासारखी."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तो दारात चहा ठेवायचा, ती चहा घ्यायची आणि रिकामा पेला दाराबाहेर सरकवायची. कपाळाला हात लावू द्यायची, पण डोळे मिटून.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. बोटीवर दोन दिवसांची गर्दी लोटली होती. कुणीतरी मब्रूकाला बसायला जागा दिली, तय्यिब तिच्यासमोर उभा राहून लोकांचे धक्के पाठीवर घेत राहिला. कुणाचं कोपर तिला लागू नये एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

लमियानं फुगवटा तपासला. तय्यिबनं टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "बाई, मी आकडे खोटे लिहिले होते. अठ्ठावीस नव्हते, अठ्ठेचाळीस होते."

लमियानं खुर्ची ओढली आणि बसली. तिला बसलेलं त्या दोघांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"मला शंका आली होती," ती म्हणाली. "बाहेर ऐंशी माणसं होती त्या दिवशी. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

"माझ्यामुळे झालं ना हे?"

"खरं सांगू काका? आकडे खरे असले तरी कित्येक बायकांना पाणी साचतं. नळी वेळेवर काढूनही साचतं. आणखी आठवडाभर ठेवली असती तर कदाचित हे झालं नसतं. कदाचित तरीही झालं असतं, नाहीतर नळीच्या भोकातून जंतू गेले असते. मी कुठून सांगू? पण पुन्हा खोटं लिहू नका. पुढे मोठं औषधपाणी आहे मावशींचं. त्यात मी तुमच्या कागदावर विश्वास ठेवून हात चालवणार."

"त्याला रागावू नकोस पोरी," मब्रूका पलंगावरून म्हणाली. "ते काम मी दोन दिवस केलंय. आता मी दमले. तू तुझी सुई आण."

सुई घातलेली तिला कळलीही नाही, तिथली कातडी अजून बधिरच होती. मोठ्या सिरिंजमध्ये फिकट पिवळं पाणी भरू लागलं. एक सिरिंज, दुसरी, तिसरी. या खेपेला मब्रूका भिंतीकडे नाही, सिरिंजकडे बघत होती.

"किती झालं?" तिनं लमियाला विचारलं.

"एकशे चाळीस."

"एकशे चाळीस," मब्रूकानं तय्यिबकडे वळून सांगितलं. तिच्या आवाजात राग होता की नुसता थकवा, त्याला कळलं नाही.

तिथंच ते संपलं नाही. पाणी पुन्हा साचलं. पुढच्या आठवड्यात नव्वद निघालं, त्यापुढे साठ. दर वेळी पहाटेची गाडी, रांग, समुद्र, ओसरीतली गर्दी. ऑक्टोपसचा अर्धा हंगाम तय्यिबच्या हातून गेला, त्याची मडकी त्याच्या चुलतभावानं ओढून ठेवली. मब्रूका बोलू लागली होती, पण पूर्वीसारखी नाही. काही सांगायचं असलं की आधी थांबायची, जणू हे याला सांगावं की नाही याचा विचार करतेय. तय्यिबनं त्याबद्दल विचारलं नाही. तिला थांबायचा हक्क होता.

चौथ्या खेपेला लमियानं काखेवरून बोटं फिरवली, दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाली, "आज सुई नको. वीसेक मिली असेल, ते अंगच पिऊन टाकेल." मग तिनं मब्रूकाला हात कसा वर न्यायचा ते दाखवलं. भिंतीला बोटं टेकवायची आणि कोळ्यासारखी चढवत न्यायची, जिथं ओढ बसेल तिथं थांबायचं, दुसऱ्या दिवशी तिथून बोटभर वर. तीन आठवड्यांनी डॉक्टरांना भेटायचं, सलाइनमधून द्यायची औषधं तेव्हा सुरू होतील. केस जातील, मळमळेल. लमियानं तेही आताच सांगून टाकलं.

"म्हणजे हे संपलं नाही," मब्रूका म्हणाली.

"नळीचं संपलं मावशी. पिनांचं संपलं. आजच्यापुरतं तेवढंच धरा."

घरी पोहोचायला दुपार उलटली. घर दिवसभर बंद असल्यानं गार पडलं होतं. मब्रूका चुलीजवळ बुटक्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आज मी करते." तय्यिबनं कांदा चिरून दिला, लसूण सोलून दिला. तिनं उजव्या हातानं टोमॅटो परतले, मिरची टाकली, वर तीन अंडी फोडली. डावा हात मांडीवर ठेवला होता. शकशुका जरा खारट झाली. दोघांनाही ते कळलं. पावानं पातेलं पुसून घेऊन दोघं उठली. भांडी तशीच पडू दिली, आणि मगरिबची, दिवस मावळतानाची बांग व्हायच्या आत दोघांनाही झोप लागली.